पेंग्विनसाठी समुद्र राखून ठेवावा का? दक्षिण आफ्रिकेतली मासेमारीबंदी आणि तिच्यावरचे आक्षेप

सागरिका_पुणे

१८ मार्च २०२५ रोजी प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात एका तडजोडीवर शिक्कामोर्तब झालं. बर्डलाइफ साउथ आफ्रिका आणि सॅनकॉब या पक्षीसंवर्धन करणाऱ्या संस्थांनी सरकारला कोर्टात खेचलं होतं आणि तारली आणि अँचोव्ही (तारलीसारखाच थव्याने फिरणारा छोटा मासा) पकडणारा उद्योगही त्या खटल्यात होता. ठरलं ते असं : डासेन, रॉबेन, स्टोनी पॉइंट, डायर, सेंट क्रॉय आणि बर्ड आयलंड या सहा वसाहतींभोवती आखून दिलेल्या पाण्यात पर्ससीन नौकांनी (थव्याला गोल वेढून खालून आवळायचं मोठं जाळं वापरणाऱ्या) दहा वर्षं हे दोन मासे पकडायचे नाहीत. माझं मत सुरुवातीलाच सांगते. निर्णय योग्य आहे, आणि फार उशिरा आलेला आहे.

आफ्रिकन पेंग्विन नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका सोडून जगात कुठेच घरटं करत नाही. १९५६च्या सुमारास त्याच्या अंदाजे १ लाख ४१ हजार जोड्या होत्या. २००९ मध्ये २६ हजार उरल्या, आणि आता दहा हजारांहूनही कमी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. पेंग्विनच्या १८ जातींपैकी या पायरीला पोहोचलेली ही पहिली जात. घसरण अशीच चालू राहिली तर २०३५ च्या आसपास तो निसर्गातून संपेल, असं अभ्यासक सांगतात.

हा पक्षी उपाशी कसा मरतो, ते समजून घेतल्याशिवाय बंदीचा अर्थ लागत नाही. वर्षातून एकदा त्याची सगळी पिसं एकदम गळतात. नवी येईपर्यंत, म्हणजे तीनेक आठवडे, त्याला पाण्यात उतरता येत नाही. तेवढे दिवस अंगातल्या चरबीवर काढायचे. म्हणून त्याआधी भरपूर खायला हवं, आणि उपास सुटला की लगेच पुन्हा हवं. त्या दोन वेळी बेटाजवळ तारली नसली तर पक्षी समुद्रातच मरतो, किनाऱ्यावर सांगाडाही सापडत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या शोधनिबंधाचा हिशेब असा की २००४ ते २०११ या काळात फक्त डासेन आणि रॉबेन या दोन बेटांवरचे सुमारे ६२ हजार प्रौढ पक्षी असे गेले. त्या वर्षांत बहुतेक काळ पश्चिमेकडचा तारलीचा साठा त्याच्या कमाल पातळीच्या पाव हिश्श्याखाली होता.

शेजारच्या नामिबियाने पुढचा टप्पाही पाहिला आहे. तिथे १९६८ मध्ये १४ लाख टनांच्या आसपास तारली पकडली गेली आणि मग काही वर्षांतच साठा कोसळला. रिकाम्या पाण्यात जेलीफिश आणि गोबी नावाचा छोटा मासा पसरला. पेंग्विन गोबी खाऊ लागले, पण तारलीत जेवढी ताकद असते तेवढी त्यात नसते. शेवटी २०१८ मध्ये सरकारला तारलीची मासेमारीच थांबवावी लागली. तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

२०११ मध्ये सात सागरी परिसंस्था आणि १४ समुद्रपक्षी तपासून शास्त्रज्ञांनी एक ठोकताळा मांडला : छोट्या माशांचा साठा त्याच्या कमाल पातळीच्या एक तृतीयांशाखाली गेला की पक्ष्यांची वीण घटू लागते. म्हणजे पक्ष्यांचा वाटा किती, हे अंदाजाने का होईना, सांगता येतं. मग कोटा ठरवताना तो वाटा आधी बाजूला काढायचा की नाही, एवढाच प्रश्न उरतो. माझं उत्तर : आधी काढायचा. तुमचं?

देवगडकर

पूर्ण असहमत. आमच्या घरात पर्ससीनची नौका आहे, त्यामुळे कुठल्या बाजूने बोलतोय ते आधीच सांगून टाकतो.

पक्षी जोडी-जोडीने मोजले, जाळ्यावरची माणसं कोणी मोजली? दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेला सेंट हेलेना बेच्या किनाऱ्यावर डबाबंद तारलीचे कारखाने आहेत, फिशमीलचे, म्हणजे मासळीच्या भुकटीचे, कारखाने आहेत. नौका जवळच्या पाण्यातून हटवली तर डिझेल जळणार, खलाशाचे तास वाढणार आणि मासळी बंदरात पोहोचेपर्यंत नरम पडणार. याची किंमत पुण्यात बसून कळत नाही.

दुसरं, तारली तिथून गेली ती जाळ्यामुळेच, हे कशावरून? १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिकडची तारली आणि अँचोव्ही पश्चिम किनारा सोडून केप अगुल्हासच्या, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या, पूर्वेला सरकली. पाण्याचं तापमान बदललं, खारटपणा बदलला. मासा निघून गेला आणि बेटं तिथेच राहिली. यात तांडेलाचा, नौका चालवणाऱ्याचा, गुन्हा काय?

तिसरं, सरकारने बाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली होती, आंद्रे पंट तिचे अध्यक्ष, आणि २०२३ मध्ये तिचा अहवाल आला. बेटांभोवती मासेमारी बंद ठेवल्याने पेंग्विनच्या वाढीच्या दरात वर्षाला फक्त ०.७१ ते १.५१ टक्के फरक पडतो, असं त्यांनीच लिहिलं. एवढ्यासाठी दहा वर्षं समुद्र बंद?

आकडेवारी

देवगडकर, टक्क्यांचा आकडा बरोबर आहे, निष्कर्ष नाही. पेंग्विन दर वर्षाला आठेक टक्क्यांनी घटतायत. त्यातला एक-दीड टक्का नुसता नकाशावर रेघ ओढून वाचत असेल तर तो सोडायचा कशासाठी? समितीने हा फायदा लहान म्हटला, पण खरा म्हटला. २००८ पासून बेटं आळीपाळीने बंद-खुली ठेवून हा प्रयोग केला होता. सागरी संवर्धनात इतका पद्धतशीर प्रयोग फार क्वचित होतो.

आणि भांडण बंदी असावी की नसावी यावर नव्हतंच. रेघ कुठे ओढायची यावर होतं. २०२३ मध्ये मंत्र्यांनी जे तात्पुरते पट्टे जाहीर केले, त्यांत पेंग्विन जिथे खरोखर चरतात तो बराच भाग मोकळा राहिला होता. म्हणून संस्था कोर्टात गेल्या. नव्या आखणीत रॉबेन आणि बर्ड आयलंडभोवती वीस किलोमीटरपर्यंत बंदी आहे.

मासा पूर्वेला सरकला हे मान्य. पण सरकल्यावर काय झालं? कोटा अख्ख्या किनाऱ्याचा एकच, आणि कारखाने व बंदरं बहुतेक पश्चिमेला. त्यामुळे पश्चिमेला उरलेल्या थोड्या माशांवरच नौकांचा भार पडला. तिथल्या साठ्यातून काढलेल्या तारलीचं प्रमाण २००६ मध्ये काही काळ ८० टक्क्यांपर्यंत गेलं होतं. मासा समुद्राने हलवला असेल, पण मागे राहिलेला माणसानेच उपसला.

केपटाऊनवासी

सात वर्षं इथे राहते. सायमन्स टाउनच्या बोल्डर्स किनाऱ्यावर पेंग्विन बघायला गर्दी लोटते, पण वाळूवर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं : मासेमारीने मारले. मला हे अपुरं वाटतं.

या पक्ष्याची वाट लागायला सुरुवात झाली तेव्हा पर्ससीन नव्हतीच. १९६७ पर्यंत त्याची अंडी गोळा करून विकली जात. त्याआधी बेटांवरचा ग्वानो, म्हणजे साठलेल्या विष्ठेचे थर, खत म्हणून खरवडून नेले. त्या थरातच पेंग्विन बीळ करून अंडी घालायचे. ते गेल्यावर अंडी उघड्यावर, उन्हात आणि सीगलच्या चोचीसमोर आली. मग तेलगळती. जून २००० मध्ये ट्रेझर हे जहाज बुडालं तेव्हा १९ हजारांच्या आसपास तेलाने माखलेले पक्षी एक-एक करून धुवावे लागले, आणि जवळपास तितकेच स्वच्छ पक्षी आधीच उचलून पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडले. ते पोहत परत येईपर्यंत पाणी साफ झालं. या शहराबद्दल मला जे वाटतं त्यात त्या कामाचा वाटा मोठा आहे.

आणि सेंट क्रॉय! काही वर्षांपूर्वीपर्यंत जगातली सगळ्यात मोठी वसाहत. २०१६ पासून हे बेट जिथे आहे त्या अल्गोआ बेमध्ये समुद्रातच जहाजातून जहाजात इंधन भरायला सुरुवात झाली, जहाजांची वर्दळ आणि पाण्याखालचा आवाज प्रचंड वाढला, आणि वसाहत ढासळली. तिथे नुसती तारलीची बंदी घालून काय साधणार?

माझा विरोध बंदीला नाही, सगळी ताकद बंदीवर लावायला आहे. मासा पूर्वेला गेलाय तर पक्ष्यांना तिकडे न्या. डी हूप अभयारण्यात नकली पेंग्विन मांडून, त्यांचे आवाज ऐकवून आणि पिल्लं आणून सोडून नवी वसाहत वसवायचा प्रयत्न चालू आहे, तिथे पक्षी घरटी करू लागलेत. हा मार्ग मला जास्त आशेचा वाटतो.

सागरिका_पुणे

केपटाऊनवासी ताई, ग्वानो आणि अंड्यांचं मी लिहायला हवं होतं इतकं ते महत्त्वाचं आहे. पण अंडी गोळा करणं थांबलं, तेलगळतीचे पक्षी वाचवले, कृत्रिम बिळं ठेवली, तरी २००४ नंतर पडझड झालीच. बाकीची कारणं आटोक्यात येत असताना ज्या एका गोष्टीने पाठ सोडली नाही ती भूक. डी हूपची वसाहत मोठी व्हायला वेळ लागेल. तोवर जुन्या बेटांवरचे पक्षी जगले तरच तिकडे पाठवायला पिल्लं असतील.

रापणकर

मी मालवणचा. दोन्ही बाजूंना थोडं कडू वाटेल असं लिहितो.

देवगडकर, किनाऱ्याजवळून पर्ससीन हटली तर पेंग्विनआधी आमच्यासारख्यांचा फायदा होतो. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने आपल्या राज्याने पर्ससीनचे परवाने मर्यादित केले आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. तो आदेश पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली म्हणून निघाला, पक्ष्यांसाठी नव्हे. एलईडी दिवे लावून मासे ओढून घेणारी मासेमारी करायला नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. ते दिवे आजही रात्री किनाऱ्यावरून दिसतात. म्हणून कागदावरच्या रेघेवर माझा भरवसा नाही. पेंग्विनच्या पट्ट्यात नौका शिरली तर ती पकडायला माणूस, बोट आणि डिझेल कोणाकडे आहे, हे आधी सांगा.

आणि सागरिकाताई, मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं तेव्हापासून इथला मच्छीमार त्याच्या विरोधात उभा आहे. त्याला प्रवाळाचा राग नाही. त्याला कोणी विचारलं नाही, आणि बंदी आली की मोठी नौका लांब जाते, रापण जाऊ शकत नाही. रापण हे किनाऱ्यावरूनच ओढायचं जाळं असतं. ‘आमी खावचा काय?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारला गेला. दक्षिण आफ्रिकेत उद्योगाचे लोक टेबलावर बसले आणि नकाशा दोघांनी मिळून ठरवला, मला तेवढीच गोष्ट त्यातली खरी शिकण्यासारखी वाटते.

वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर सुरय (टर्न) पक्ष्यांची वीण होते. १८७५ मध्ये पक्षीतज्ज्ञ ह्यूम तिथे गेला होता, १९४० च्या आसपास पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलालींनी पाहणी केली. सुरय लहान मासळीवरच जगतात, त्याच मासळीवर आम्हीही. तिथली घरटी दरवर्षी मोजा, बंदरावर उतरलेल्या तारली-बांगड्याच्या आकड्यांशेजारी लिहा, आणि मोजायला स्थानिक मुलं घ्या. मग बंदीबद्दल बोलू.

देवगडकर

रापणकर, आपलं पटणार नाही, पण मोजणीचं पटलं.

बाकी मुद्दा कायम. केरळचं बघा. २०१२ मध्ये तिथे ३.९ लाख टन तारली मिळाली, २०२१ मध्ये ३,२९७ टन. लोक म्हणाले संपली. २०२३ मध्ये पुन्हा लाख टनांच्या वर. कुठल्या बेटाभोवती बंदी घातली होती? मासा जातो, मासा येतो. आमच्या वाडवडिलांनी हे पाहिलंय.

आकडेवारी

येतो-जातो हे अगदी खरं. कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा खोऱ्यातल्या गाळात माशांचे खवले थरांत साठलेत. त्यांवरून दीडेक हजार वर्षांची तारलीची चढउतार वाचता येते, माणसाची मोठी जाळी येण्याच्या कितीतरी आधीची. पण केरळात काहीच केलं नाही, असं नाही. २०१५ पासून दहा सेंटीमीटरपेक्षा लहान तारली पकडायला तिथे मनाई आहे. साठा परतण्यात तिचा वाटा किती आणि पाण्याचा किती, हा वाद चालेल.

मूळ अडचण वेगळी आहे. तारली एक-दोन वर्षांत अंड्यांवर येते आणि हजारोंनी अंडी सोडते. आफ्रिकन पेंग्विन साधारण चौथ्या वर्षी पहिल्यांदा जोडी जमवतो आणि एका वेळी दोन अंडी घालतो. माशाचे दहा वाईट हंगाम माशाला परवडतात, पक्ष्याला नाही. पूर्वी वाईट काळातून तो तरायचा, कारण तेव्हा त्याची संख्या लाखांत होती. पेरूतही तेच दिसलं. तिथल्या ग्वानो देणाऱ्या पाणकावळ्यांनी एल निन्योचे, म्हणजे अधूनमधून समुद्र तापण्याचे, फटके पिढ्यान्‌पिढ्या सोसले होते. १९५० च्या दशकानंतर अँचोव्हीची प्रचंड मासेमारी सुरू झाली, १९७० मध्ये ती सव्वा कोटी टनांच्या घरात गेली, आणि १९७२ च्या एल निन्योत मासा कोसळला. पक्ष्यांचे ते जुने थवे परत आले नाहीत. राणीच्या बागेत आपण जे हम्बोल्ट पेंग्विन बघतो, त्यांची जात त्याच पाण्यातली.

म्हणून माझं म्हणणं सागरिकापेक्षा थोडं पुढचं आहे. नुसते पट्टे पुरणार नाहीत. साठा ठरावीक पातळीखाली गेला की पश्चिमेकडचा कोटा आपोआप शून्य व्हायला हवा, मंत्री कोणीही असो.

देवगडकर

शून्य कोट्याच्या वर्षी खलाशाचा पगार आणि नौकेच्या कर्जाचा हप्ता कोण भरणार, तेही त्याच नियमात लिहा. ते लिहिलंत तर मी विरोध सोडतो.

रापणकर

आणि त्या भरपाईच्या यादीत हातरापणीवाल्यांची नावं पहिली असू देत. दर वेळी ती राहून जातात.