कन्नड घाटात ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडलं, सगळंच बदलू का?

जालनाकर: मागच्या रविवारी चाळीसगावला जायलतो, बायको आन दोन लेकरं सोबत, घाट उतरताना निम्म्यात पेडल मऊ पडलं, दाबलं की खालीच जायलं आन चाकापासून जळका वास. पहिला गिअर आन हँडब्रेकवर कशीबशी कडेला घेतली, हातपाय कापायलते. अर्धा तास थांबलो तर पेडल परत टाइट! गाडी २०१७ ची पेट्रोल, ५८ हजार किमी, पुढं डिस्क मागं ड्रम. पॅड ३० हजार किमीला बदललेत. गॅरेजवाला म्हणतो डिस्क, पॅड, मागच्या ड्रममधले लायनर सगळंच नवीन टाका. खरंच लागतंय का?

बीडचा गाडीवाला: दादा, लेकरं सुखरूप हायेत हे लई मोठं. गिअर कोणता होता? मी मांजरसुंब्याचा घाट नेहमी उतरतो, चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना ठेवतो, इंजिनच गाडी धरतं. ब्रेक दाबायचा, वेग कमी झाला की सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही.

लातूर ६०: पॅड तापून फेड झाले असते, म्हणजे त्यांची पकड गेली असती, तर पेडल कडक लागून गाडी थांबली नसती. तुमचं मऊ पडलं आन थंड झाल्यावर परत आलं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, पाणी धरलं की तीच हद्द १४० वर येते. शेवटचं कधी बदललंत?

जालनाकर: चौथ्यात होतो भाऊ, पाय ब्रेकवरच. आन ऑइल एकदाबी बदललं नाही, लेव्हल खाली गेली की वरून भरायचे.

लातूर ६०: लेव्हल खाली जाते ती बहुतेक पॅड झिजल्यामुळं, नाहीतर लीक हाय, दोन्ही बघायला पाहिजे. नुसतं भरत राहिलं की कळतच नाही. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच ऑइल टाका आन सगळं जुनं काढून चारी चाकांच्या ब्रेक लाइनमधली एअर काढून घ्या. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, मोजल्याशिवाय बदलू देऊ नका. तोवर गाडी घाटात नेऊ नका.

जालनाकर: आज दुसऱ्या मेस्त्रीकडं उघडली. ऑइल चहासारखं काळपट निघालं. डिस्क मोजली, चांगली हाय, लायनरबी ठीक, लीक कुठंच नाही. पण डाव्या चाकाचा आतला पॅड २ मिमी, बाहेरचा ६! कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन धुळीनं जाम झालती. पिना साफ करून ग्रीस लावलं, पुढचे चारी पॅड आन ऑइल नवीन टाकलं. पेडल आता वरच्या वरच धरतंय. शनिवारी दुसऱ्या गिअरमध्ये उतरणार हाय.