रंधे-पटाश्यांसाठी भिंतीवरची फळी: मदत हवी आहे

मंडळी, सुतारकामाची हत्यारं इतके दिवस एका पेटीत कोंबून ठेवली होती. परवा कानस काढताना पटाशीची धार बोटाला लागली, आणि पटाशीलाही रंध्यावर आपटून खाच पडली. बोट भरून येईल, धार पुन्हा लावायला मात्र अख्खी संध्याकाळ गेली! म्हणून आता भिंतीवर फळ्या करायच्या आहेत, हत्यारं दिसतीलही आणि हाताशीही राहतील.

१८ मिमी प्लाय आहे, भिंत विटांची. फळी ९० सेंमी लांब धरली आहे. पाच लोखंडी रंधे ठेवले की वजन सहज दहा किलोच्या आसपास जातं. मधे आधार न देता फळी वाकेल का? की पुढच्या कडेला उभी पट्टी मारली तर भागेल?

रंधे आडवे न ठेवता तिरक्या फळीवर, खाली अडणी देऊन ठेवावेत असं मनात आहे. उतार किती ठेवू? पातं फळीला टेकू नये म्हणून तळाखाली बारीक पट्टी पुरेल ना?

पटाश्यांसाठी भोकं पाडू की समोरून उघड्या खाचा? खाचेतून पटाशी चटकन निघते, पण धक्का लागून पडायची धास्ती वाटते.

आणि मुख्य अडचण गंजाची. पावसाळ्यात तेलाचा हात फिरवूनही डाग येतात. उघड्या फळ्या नकोतच, काचेची दारं लावू का? कोणी केलं असेल तर फोटो टाका, फसलेल्या कामाचेही चालतील.