जुना डीएसओ घेतला: ५ व्होल्टचे ५० दिसतात आणि वेव्ह जागेवर थांबत नाही

कोरेगावचा_रिपेरवाला

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात कोरेगावला माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मिक्सर, एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टरचे बोर्ड, जे येईल ते. आजवर मल्टीमीटर आणि सिरीज बल्बवर भागवलं. गेल्या महिन्यात पुण्यात तपकीर गल्लीत पार्ट आणायला गेलो आणि ओळखीतून एक जुना टेक्ट्रॉनिक्स टीडीएस १००२ डीएसओ (डिजिटल ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते पडद्यावर वेव्ह म्हणून दाखवणारं यंत्र) गळ्यात मारून घेतला. दोन चॅनल, ६० मेगाहर्ट्झ, काळा-पांढरा पडदा. मॅन्युअल नाही. प्रोब (सर्किटला टेकवायच्या वायरी) दोन, त्यातल्या एकाची हुकवाली टोपी गायब.

शिकण्यासाठी पुतण्याचा आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतला आणि ९ नंबरच्या पिनवर अर्ध्या ड्यूटीचा पीडब्ल्यूएम (अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद अशी चौकोनी वेव्ह) सोडला. मीटरवर सरासरी अडीच व्होल्ट बरोबर येते. डीएसओवर मात्र:

१. उंची ५० व्होल्ट दाखवतो. पिनवर ५ च्या वर काही असूच शकत नाही.
२. ऑटोसेट दाबलं की वेव्ह थांबते, पण मी एखादं बटण फिरवलं की पळत सुटते. नक्की कुठलं फिरवलं तेही आठवत नाही.
३. हे जमलं की एका मेलेल्या लॅपटॉप चार्जरच्या प्रायमरीला (मेन्सच्या बाजूला) मॉसफेटच्या (स्विचिंग ट्रान्झिस्टरच्या) गेटवर काय येतंय ते बघायचंय. प्रोबची ग्राउंड क्लिप ब्रिजच्या (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या) मायनसलाच लावायची ना?

मेघना_फर्मवेअर

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. प्रोबच्या दांड्यावर १एक्स-१०एक्सचं (सिग्नल जसाच्या तसा द्यायचा की दहावा भाग करून, याचं) सरकणारं बटण आहे, ते १एक्सवर असेल आणि चॅनलच्या मेनूत प्रोब १०एक्स निवडलेला असेल, म्हणून डीएसओ आकडा दहापट करून दाखवतो. दोन्ही १०एक्सवर ठेवा आणि तसंच राहू द्या. १एक्सवर या प्रोबची बँडविड्थ (किती वेगाचा सिग्नल नीट दिसतो ती मर्यादा) ६ मेगाहर्ट्झच्या आसपास उरते, शिवाय प्रोबची कपॅसिटन्स सर्किटवर जास्त बसते.

तिसऱ्या प्रश्नावर कुणीतरी लवकर लिहा. दादा, तोवर चार्जरला हात लावू नका!

जुना_टेस्टबेंच

मेघनाताईंनी हाक मारलीच आहे, तर तिसऱ्यापासून सुरू करतो.

क्लिप ब्रिजच्या मायनसला लावायची नाही. मल्टीमीटरची काळी वायर आपण कुठेही टेकवतो, कारण मीटर बॅटरीवर चालतो, तो कशालाच बांधलेला नसतो. डीएसओचं तसं नाही. क्लिपची वायर बीएनसीच्या (प्रोब अडकवतो त्या गोल सॉकेटच्या) कवचातून थेट तीन पिनी प्लगच्या अर्थिंगला गेलेली असते. दोन्ही चॅनलच्या क्लिपा आतून एकच. खात्री करायची तर प्लग भिंतीतून काढा, मीटर बीपवर ठेवा, एक टोक क्लिपला, दुसरं प्लगच्या जाड पिनेला. बीप वाजेल.

आता चार्जरचा ब्रिज बघा. त्याचा मायनस म्हणजे अर्थ नव्हे. दर दुसऱ्या अर्ध्या सायकलला तो डायोडमधून फेजला जोडलेला असतो. तिथे क्लिप लावली की फेज, डायोड, क्लिप, अर्थ असा सरळ शॉर्ट. मी हे १९९४ साली स्वतः करून बसलोय, अंबड एमआयडीसीत, नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात. क्लिपचे दात वितळले, बोर्डावरचा ट्रॅक उडाला आणि बेंचची लाइन गेली. सुपरवायझर काही बोलले नाहीत. वितळलेली क्लिप माझ्या हातात ठेवली आणि चहाला निघून गेले. ती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मग कुणीतरी शहाणा सांगेल की डीएसओच्या प्लगची अर्थ पिन काढून टाका. अजिबात नको. तसं केलं की शॉर्ट होत नाही खरा, पण डीएसओचा सगळा धातूचा भाग फेजच्या व्होल्टेजला जातो आणि तुम्ही त्याची बटणं फिरवत बसता. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सपासून वेगळा करणारा) घ्यायचा तो चार्जरसाठी, डीएसओसाठी नाही. आणि तो लावला म्हणून निर्धास्त होऊ नका. ब्रिजच्या पुढच्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी तसेच असतात, आणि दोन्ही टोकं तुमच्या हातांत आली तर आरसीसीबी (गळती करंटवर लाइन तोडणारा स्विच) ट्रिप होणार नाही. प्रोब चार्जर बंद असताना, कपॅसिटर डिस्चार्ज करून अडकवायचा, मग दूर होऊन चालू करायचं. डिफरन्शियल प्रोब (अर्थला न बांधता दोन टोकांमधला फरक मोजणारा) मिळाला तर उत्तमच, पण त्याची किंमत ऐकून तुम्ही चार्जर नवाच घ्याल.

दुसरा प्रश्न ट्रिगरचा. जत्रेतली चक्री डोळ्यांसमोर आणा. फिरत्या चक्रीचे कधीही फोटो काढले तर दर फोटोत घोडे वेगळ्या जागी. पण ठरवलं की तांबडा घोडा बरोबर समोर आला की बटण दाबायचं, तर शंभर फोटो काढा, सगळे सारखे. तांबडा घोडा कुठला, ते तुम्ही ट्रिगरला सांगता. सोर्स म्हणजे कोणत्या चॅनलकडे बघायचं, लेव्हल म्हणजे किती व्होल्ट ओलांडल्यावर, आणि स्लोप म्हणजे चढताना की उतरताना. पडद्याच्या उजव्या कडेला एक छोटा बाण असतो, ती लेव्हल. माझी पैज आहे की तुमच्या हातून लेव्हलचं बटण फिरलं आणि बाण वेव्हच्या डोक्यावरून निघून गेला. ऑटो मोडमध्ये घोडा आला नाही तरी डीएसओ वाट बघून कंटाळतो आणि फोटो काढतोच, म्हणून वेव्ह पळते. नॉर्मल मोडमध्ये तो गप्प बसून राहील. बाण वेव्हच्या मध्यावर आणा, सोर्स चॅनल १ आहे ना बघा.

प्रोब १०एक्सवर गेला की समोरच्या प्रोब कॉम्प टोकाला लावा. तिथे १ किलोहर्ट्झ, सुमारे ५ व्होल्टची चौकोनी वेव्ह असते. कोपरे गोल किंवा टोकदार दिसले तर प्रोबवरचा बारीक स्क्रू फिरवून माथा सपाट करा.

कोरेगावचा_रिपेरवाला

काका, पैज जिंकलात. बाण पार वर अडकला होता. बीपही वाजला, आणि तेव्हा पोटात गोळा आला, कारण काल रात्री क्लिप हातात घेऊन चार्जरपाशी बसलो होतो. सुट्टा हुक सापडेना म्हणून राहिलं.

आता ५ व्होल्ट, ४९० हर्ट्झ छान उभे राहतात. पण नवीन भानगड. सेकंद/डिव्हिजनचं बटण ५०० मिलिसेकंदांवर नेलं तर सायकली दाटून नुसता काळा पट्टा दिसायला हवा ना? मला स्वच्छ चौकोनी वेव्ह दिसते, एका घरात पाचेक सायकली. म्हणजे १० हर्ट्झ! बोर्ड खराब की डीएसओ?

जुना_टेस्टबेंच

दोन्ही धडधाकट आहेत. फक्त डीएसओ थाप मारतोय.

तुमच्या मशीनची मेमरी २५०० पॉइंटची आणि पडदा १० घरांचा. ५०० मिलिसेकंद गुणिले १० म्हणजे ५ सेकंद. ५ सेकंदांत २५०० पॉइंट, म्हणजे सेकंदाला फक्त ५०० सॅम्पल (व्होल्टेजच्या नोंदी). पाटीवरचा १ गिगासॅम्पलचा (सेकंदाला १०० कोटी नोंदींचा) आकडा बटण वेगाच्या टोकाला असतानाचा. आता दर २ मिलिसेकंदांनी एक सॅम्पल, आणि तुमच्या वेव्हची सायकल २.०४ मिलिसेकंदांची. प्रत्येक सॅम्पल आधीच्यापेक्षा सायकलमध्ये ०.०४ मिलिसेकंदांनी मागे पडतं. पन्नासएक सॅम्पल झाली की एक अख्खी सायकल "दिसते", पण त्याला लागलेले असतात १०० मिलिसेकंद. हेच तुमचे १० हर्ट्झ. ५०० वजा ४९०, हिशेब तोच.

अक्वायरच्या मेनूत पीक डिटेक्ट (दोन सॅम्पलच्या मधलेही सर्वात वरचे-खालचे व्होल्ट पकडणारा मोड) निवडा, तुम्हाला हवा असलेला काळा पट्टा दिसेल. आणि अनोळखी सिग्नलला नेहमी वेगवान टोकाकडून सुरुवात करून सावकाश मागे यायचं. उलट्या बाजूनं आलात की अशा थापा पचतात.

कोरेगावचा_रिपेरवाला

पीक डिटेक्टवर पट्टा दिसला. २५० मिलिसेकंदांवर नेलं तर वेव्ह आणखीच वेगळी, आता कागदावर हिशेब मांडतोय. चार्जर गिऱ्हाईकाला परत दिला, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आल्यावर बघू. तोवर प्रोबची हुकवाली टोपी सुटी मिळते का कुठे?