इक्विटीला 'समन्याय' म्हणावं का? (पालकपुस्तिकेसाठी)

बालमंदिरताई
आमच्या नाशिकच्या मॉन्टेसरी बालमंदिराची पालकपुस्तिका मराठीत करतेय. इन्क्लुजन, इक्विटी, वेलनेस हे तीन शब्द अडलेत. 'समावेशन, समन्याय, स्वास्थ्य' असं लिहिलं, तर मसुदा वाचून एक आजोबा म्हणाले, "समन्याय म्हणजे आपल्या गंगापूर धरणाचं पाणी खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला. त्याचं इथे काय?" बदलू का?

गोदाकाठ
आजोबांचं बरोबर आहे. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यापासून इथे 'समन्यायी' म्हटलं की पुढे 'पाणीवाटप'च येतं. सरळ 'समानता' लिहा. संविधानाच्या उद्देशिकेतही 'दर्जाची व संधीची समानता' आहे.

बालमंदिरताई
समानता म्हणजे सगळ्यांना सारखं. आमच्याकडे ३ ते ६ वर्षांची मुलं एकत्र बसतात. गुलाबी मनोऱ्याचे १० ठोकळे सगळ्यांना तेच, पण कोणी दोन दिवसांत पुढे जातं, कोणी महिनाभर तोच रचतं. एका मुलीची नजर अधू आहे, ती चाचपून रचते. तिला वेळ जास्त मिळतो, मिळायलाच हवा. याला काय म्हणू?

निफाडकर
पंगतीत वाढायला उभं केलं की आजी सांगायची, "पान बघून वाढ." त्याहून नेमकं मला तरी सुचत नाही.

शब्दशोधक
घरात छान, पण पुस्तिकेत नाम लागतं. 'समन्याय' निर्दोष आहे, ठेवा. 'समावेशन'मधला 'न' मात्र काढा, 'समावेश' पुरे. विश् धातू, 'प्रवेश' त्याच घरातला. किंवा 'सामावून घेणे' लिहा, अस्सल मराठी आहे.

सिडकोतली आई
'सामावून घेणे' नको, काका. माझा मुलगा श्रवणयंत्र लावतो. एका शाळेने प्रवेश दिला, पण गोष्टीच्या वेळी त्याला मागे बसवायचे, बाईंचे ओठच दिसायचे नाहीत. विचारलं तर उत्तर, "आम्ही सामावून घेतलंय की!" म्हणजे घर त्यांचं आणि आम्ही पाहुणे. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह उघडलं, त्याआधी त्या मतिमंद ठरवलेल्या मुलांना शिकवत होत्या. तिथलं साहित्य मग बाकीच्या मुलांकडे आलं. कोणी कोणाला सामावून घेतलं?

शब्दशोधक
ताई, तुमचा राग शाळेवर असावा, शब्दावर नको. 'सामावणे'त मला 'मावणे' दिसतं. भांडं पुरेसं मोठं हवं, एवढाच अर्थ.

सिडकोतली आई
भांडं कोणाचं, हाच तर प्रश्न आहे.

निफाडकर
'स्वास्थ्य'बद्दल कोणीच बोललं नाही. हिंदीत स्वस्थ म्हणजे निरोगी. आपल्याकडे "स्वस्थ बस!" म्हणजे हलू नकोस. पालक तसंच वाचतील.

बालमंदिरताई
मला तोच अर्थ हवासा वाटतो. शांततेच्या खेळात मुलं निश्चल बसतात, पलीकडच्या खोलीतून नाव कुजबुजलं की एकेक जण आवाज न करता उठून येतं. ते स्वस्थपण दटावून येत नाही. पण 'आरोग्य' लिहिलं तर डबा आणि नखं एवढंच उरेल.

पैठणकर
उशिरा आलो. 'समन्यायी' आमच्याकडे चांगला शब्द आहे हो. ऑक्टोबरात जायकवाडी भरलेलं नसलं की याच शब्दावर आमची तहान भागते. नाशिककरांना खटकतो म्हणून मुलांच्या पुस्तिकेतून काढू नका.

गोदाकाठ
दादा, खटकतो कारण पाणी सुटतं तेव्हा आमच्या द्राक्षबागाही तहानलेल्या असतात. आणि नदीतून येताना निम्मं मुरलं, तर न्याय कोणाला झाला?

बालमंदिरताई
पुस्तिका शनिवारी छापायला जातेय. वेलनेसचं सांगा ना कोणीतरी.

पैठणकर
मुरतं ते नदीकाठच्या विहिरींतच मुरतं ना, गोदाकाठदादा?