लग्नाची भेट म्हणून बेताच्या किमतीचा होम थिएटर संच द्यावा का?

दुसरी रांग (धागाकर्ती)

आमच्या एका जुन्या मैत्रिणीचे लग्न ठरले आहे आणि आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून एकच, पण रोज उपयोगी पडेल अशी भेट द्यायचे ठरवले आहे. वधू-वर दोघेही चित्रपटवेडे आहेत. घर भाड्याचे, बैठकीची खोली मध्यम आकाराची, टीव्ही मात्र मोठा आणि नवा. माझा प्रस्ताव बेताच्या किमतीच्या ५.१ होम थिएटर संचाचा (पाच स्पीकर आणि खालच्या स्वरांसाठी एक सबवूफर) आहे. टीव्ही जसजसे पातळ होत गेले, तसतशी त्यांच्या स्पीकरना जागाच उरली नाही. पुष्कळ टीव्हींमध्ये ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे चित्र डोळे दिपवणारे आणि संवाद मात्र शेजारच्या खोलीतून आल्यासारखे, अशी गत होते. शिवाय नवा संसार मांडताना कपाट, गादी, पंखा या यादीत आवाजाचा क्रमांक वर येत नाही, म्हणून माणूस स्वतःसाठी जी वस्तू सहसा लांबणीवर टाकतो तीच भेट द्यावी, असे मला वाटते. आमच्यातल्या दोघांना हे पटलेले नाही. आपले मत काय?

तारांचा गुंता

माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. माझ्या लग्नात असाच संच मिळाला होता. पुढचे तीन स्पीकर पहिल्याच रविवारी लागले. मागचे दोन तीन वर्षे खोक्यात राहिले आणि घर बदलले तेव्हा ते खोके न उघडताच नव्या घरी गेले. आळस हे त्याचे अर्धेच कारण होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ५.१ मांडणीत पुढचे डावे-उजवे स्पीकर श्रोत्याच्या समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर आणि सराउंडचे स्पीकर १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे असावे लागतात. राहत्या खोलीत नेमके तिथे दार असते, खिडकी असते किंवा येण्याजाण्याची वाट असते. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडायची तर मालकाला विचारावे लागते आणि तारा जमिनीवरून नेल्या तर पाय अडकतात. आपण वस्तू भेट देत आहोत की काम, याचा विचार व्हावा. वेगळा सबवूफर असलेला साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची एकच लांब पट्टी, द्या. तो एका संध्याकाळी लागतो.

कानसेन

साउंडबारचे कौतुक मला नेहमीच थोडे जास्त वाटत आले आहे. मीटरभर लांबीच्या पट्टीतून डाव्या-उजव्या आवाजात किती अंतर पडणार? ‘आभासी सराउंड’ बहुतांशी भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीवर आणि कानाला चकवणाऱ्या प्रक्रियेवर अवलंबून असते; एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोकळा दरवाजा असेल तर तो आभासही लंगडा पडतो. मागचे स्पीकर खोक्यात राहिले, ही तक्रार मला मान्य आहे, पण तशाही स्थितीत आपल्याकडे पुढचे तीन स्पीकर आणि सबवूफर उरतातच आणि त्यातला मधला स्पीकर हाच संचाचा प्राण असतो, कारण चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच्याच वाहिनीत, म्हणजे त्या स्पीकरसाठी वेगळ्या ठेवलेल्या ध्वनिपट्टीत, ध्वनिमुद्रित केलेले असतात. घर बदलल्यावर मागचे दोन लावता येतील. साउंडबार मात्र जसा घेतला तसाच बहुधा राहील.

मधली खुर्ची

या दोघांच्या वादात तिसरा मार्ग हरवला. त्याच पैशांत अंगचा अॅम्प्लिफायर असलेले दोन चांगले स्पीकर मिळतात, आणि सहा ठिकाणी वाटलेल्या पैशांपेक्षा दोन ठिकाणी लावलेले पैसे कानाला लवकर जाणवतात. संगीतासाठी तर प्रश्नच नाही. दोन्ही स्पीकरमधून सारखाच आवाज आला की तो मधोमध असल्याचा भास होतो, त्यामुळे मधल्या स्पीकरवाचून फारसे अडत नाही.

कानसेन

अडते, आणि या घरात तर नक्कीच अडेल! तो भास फक्त मधोमध बसलेल्या माणसाला होतो. थोडे डावीकडे सरकले की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो आणि संवाद तिकडे ओढले जातात. नवविवाहित जोडप्यातल्या एकालाच मधली जागा देणारी भेट आपण सुचवत आहात.

मधली खुर्ची

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. संगीतापुरते माझे म्हणणे मी राखून ठेवतो.

दुसरी रांग

आज दोन संच पाहिले. एका खोक्यावर दुसऱ्याच्या दुप्पट वॅट लिहिलेले होते, विक्रेताही त्यावरच भर देत होता. हा आकडा कितपत धरावा?

जोडणीदार

फारसा धरू नये. ‘पीएमपीओ’ असे लिहिले असेल तर तो आकडा क्षणिक आणि कल्पित कमालीचा असतो. ‘आरएमएस’, म्हणजे सतत देता येणाऱ्या शक्तीचा आकडा, पाहावा, आणि तोही पुष्कळदा १० टक्के विकृती गृहीत धरून मोजलेला असतो. तोच स्पीकर ठेवून शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट अजून कोणीच विचारलेली नाही, याचे मला आश्चर्य वाटते: संच टीव्हीला जोडणार कसा? स्वस्त संचांपैकी अनेकांना केवळ ब्लूटूथ, यूएसबी आणि लाल-पांढऱ्या जॅकची जोडणी असते. त्यातून दोनच वाहिन्या आत येतात, आणि मग खोक्यावर ५.१ लिहिले असले तरी तोच दोन वाहिन्यांचा आवाज पाच स्पीकरमध्ये वाटला जातो. खरी ५.१ हवी असेल तर संचात डॉल्बी डिजिटलचा (५.१ आवाज साठवण्याच्या एका पद्धतीचा) आवाज उलगडणारा डिकोडर आणि एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या तारेतून संचाकडे नेणारी सोय) किंवा किमान ऑप्टिकल (प्रकाशाच्या तारेची) जोडणी हवी. एआरसीची सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, त्यामुळे नव्या टीव्हीत ती बहुधा असेल, पण सगळ्या एचडीएमआय खाचांवर नसते. ज्या खाचेवर तसे लिहिलेले असते, तीच वापरावी लागते. टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ (आवाज टीव्हीनेच उलगडून पाठवणे) निवडलेले राहिले तरी ५.१ च्या दोनच वाहिन्या उरतात. भेट देणाऱ्यांपैकी एकाने जोडणी करून द्यावी आणि तिथेच एक दृश्य लावून पाहावे, हे मी अटीसारखे सांगेन.

खालचा मजला

माझा आक्षेप सबवूफरलाच आहे, आणि नावावरून कारण लक्षात येईल. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. पडदे, गालिचे, दार लावून घेणे यांपैकी कशालाही ती जुमानत नाही. नव्या घरातल्या शेजाऱ्यांशी पहिली ओळख तक्रारीतून व्हावी, अशी भेट का द्यायची? त्यापेक्षा पैसे द्यावेत आणि निवड त्यांच्यावर सोपवावी. ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ असे म्हणायची पाळी त्यांच्यावर येऊ नये.

तारांचा गुंता

सबवूफरची पातळी कमी करता येते, आणि बऱ्याच उपकरणांत खालचे स्वर दाबणारी रात्रीची सोयही असते. पैशांच्या सूचनेला मात्र माझा पाठिंबा आहे.

दुसरी रांग

पैसे द्यायचे नाहीत, यावर आम्ही सहाही जण ठाम आहोत. ते घरभाड्यात विरून जातील. शेवटी गुपित अर्धे फोडून मैत्रिणीच्या भावाला गाठले आणि त्याच्याकडून खोलीची मापे व टीव्हीच्या मागचे छायाचित्र मागवले. एआरसीची खाच आहे. कोच मागच्या भिंतीला टेकलेला आहे आणि त्याच्या उजव्या हाताला स्वयंपाकघरात जायची वाट आहे, म्हणजे सराउंडच्या एका स्पीकरला जागाच नाही. माझा ५.१ चा हट्ट मी सोडते. मधली वाहिनी स्वतंत्र असलेला ३.१ साउंडबार, वेगळ्या सबवूफरसह, असे आता जवळपास ठरले आहे.

कानसेन

मधली वाहिनी शाबूत राहिली, एवढ्यावर मी समाधान मानतो. कोच भिंतीला टेकलेला असेल तर तिथे खालचे स्वर फुगतात; सबवूफर कोपऱ्यात ठेवू नये, म्हणजे खालच्या मजल्यावरची मंडळीही थोडी सुखी होतील.

जोडणीदार

बिल वधू किंवा वराच्या नावे करून घ्या आणि बदलून देण्याची मुदत विचारून ठेवा. ती खरेदीच्या दिवसापासून मोजली जाते. खोके लग्नापर्यंत तुमच्याकडे बंद पडून राहिले तर ते उघडेपर्यंत मुदत उलटून गेलेली असेल.