कासच्या सड्यावरचं कुमुदिनी तळं आणि भोवतालची पाणथळ: कधी जावं, काय बघावं?

रानवाट:

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुण्याहून साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) जायचं ठरतंय. तेरडा-सोनकीचे गालिचे बघूच, पण यावेळी मुख्य ओढ पाणथळीची आहे: कुमुदिनी तळं आणि कातळावरची उथळ डबकी. थोडं नेमकं विचारतो.

वायतुरा, कुमुदिनी, सीतेची आसवे आणि दवबिंदू या चारही वनस्पती एका फेरीत दिसतील का? तळ्यापर्यंतची वाट कशी आहे? सोबत सासूबाई (वय ६७, गुडघे नाजूक) आणि ८ वर्षांची मुलगी आहे. पायात काय घालावं, गमबूट की साधे बूट? कॅमेरा नाही, फक्त मोबाईल आणि घरातली ८x४० दुर्बीण आहे. तेवढ्यावर भागेल का?

पाणगेंद:

चारही दिसू शकतील, पण वायतुऱ्याची खात्री देता येणार नाही. त्याचा भर ऑगस्टात असतो. सप्टेंबरच्या शेवटाकडे खोल डबक्यांत उरलेसुरले तुरे मिळतात. ओळखायला सोपा आहे: पाण्यातून वर आलेला एक दांडा, त्याला टोकाशी दोन फाटे, आणि दोन्ही फाट्यांवर दाटीने बसलेली गुलाबी-जांभळट बारीक फुलं. इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो म्हणून वायतुरा. अपोनोजेटॉन सातारेन्सिस हे त्याचं शास्त्रीय नाव. १९८२ साली त्याचं वर्णन झालं आणि नावात सातारा कायमचा बसला. कंद चिखलात असतो, पाणी आटलं की वरचं सगळं जातं आणि कंद पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतो. म्हणून कोरड्या दिसणाऱ्या डबक्यातही पाय घालू नये.

कुमुदिनी तुमच्या तारखांना नक्की मिळेल, पण वेळ सांभाळा. फूल एकच दिवसाचं असतं. सकाळी ९-१० पर्यंत पूर्ण उमलतं आणि दुपार कलली की मिटतं. सड्यावर आधी गालिचे बघत बसून ३ वाजता तळ्यावर पोचणाऱ्यांना नुसती पानं दिसतात आणि 'हंगाम संपला' असा समज होतो. तेव्हा आधी तळं, मग सडा.

नावामुळेही गोंधळ होतो. संस्कृतातलं कुमुद म्हणजे रात्री फुलणारं पांढरं कमळ. ही कुमुदिनी कमळाच्या कुळातलीच नव्हे. फूल जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचं, पांढरं, पोटात पिवळं, आणि पाकळ्यांवर कापसाच्या तंतूंसारखी दाट लव. पान गोलसर, देठाकडे हृदयासारखी खाच असलेलं. कळ्यांचा झुबका पानाच्या देठावरच, पानाच्या अगदी खाली येतो, त्यामुळे फूल पानाच्या खाचेतून उगवल्यासारखं वाटतं. काठाजवळच्या एखाद्या पानापाशी हे मुलीला जरूर दाखवा.

सीतेची आसवे आणि दवबिंदू तळ्यात शोधू नका. ते काठाच्या भिजलेल्या मातीत आणि कातळावर पाणी झिरपतं त्या पातळ थरात असतात. सड्याच्या तांबूस जांभा दगडावर माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. धो धो पावसात तिच्यातले क्षार धुऊन जातात, नत्र फार कमी उरतं. ती उणीव या वनस्पती किडे-जीवजंतू पकडून भरून काढतात. सीतेच्या आसवांचं निळं-जांभळं फूल वर दिसतं, पण सापळे खाली ओल्या मातीत असतात: मिलिमीटरभराच्या फुग्या. फुगीच्या दाराशी केस असतात. सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं. फुग्या बघायला म्हणून रोप उपटू नका. ते एका हंगामाचं असतं, बी धरण्याआधी गेलं तर त्या जागी पुढच्या वर्षीची बेगमीच संपते.

आणखी एक सांगतो, पाणगेंदांवरून नजर घसरू देऊ नका. त्यांच्या पांढऱ्या बटणांसारख्या फुलांचा पट्टा दिसला की समजावं, जमीन पाणी धरून आहे. दवबिंदू त्याच पट्ट्याच्या कडेला सापडतात.

जांभा:

वाटेबद्दल लिहितो. सातारा शहरातून यवतेश्वर घाट, पेट्रीमार्गे कास सुमारे २५ किमी. नकाशात 'कास तलाव' टाकू नका. तो पुढे बामणोलीच्या रस्त्यावरचा मोठा तलाव, साताऱ्याला पाणी देणारा. कुमुदिनी तळं वेगळं, सड्यावरून राजमार्ग नावाच्या जुन्या कच्च्या वाटेने जावं लागतं. सुमारे २ किमी जायचं, तेवढंच यायचं. चढ नगण्य आहे, गुडघ्यांना त्रास दगडांच्या उंचसखलपणाचा आणि चिखलाचा होतो. सासूबाईंना काठी द्या आणि एका बाजूला पाऊण-एक तास धरा. हंगामात रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा असते. शनिवार-रविवार टाळलेलेच बरे, आणि आरक्षण ऑनलाइन आधी करून ठेवा.

गमबूट नकोत. त्यांचा तळवा गुळगुळीत, ओल्या कातळावर सटकतो, आणि ते पायात असले की माणूस बिनदिक्कत पाण्यात शिरतो. खोल नक्षीच्या तळव्याचे साधे बूट किंवा मागे पट्टा असलेल्या सँडल पुरे. जांभा तांबूस-खरखरीत दिसतो तिथे पाय ठेवा. काळी चकचकीत साय दिसते तिथे शेवाळ असतं, घसरणारे बहुतेक तिथेच घसरतात.

पाणथळीत पाऊल का नको, तर ओली माती दाबली जाते आणि ठसा तसाच राहतो. ठशात पाणी साचतं, बाजूची कड कोरडी पडते. जिथे सगळा थरच ३-४ सेंटिमीटरचा, तिथे एवढा फरक पुष्कळ होतो. एका माणसाच्या मागे चार जण त्याच ठशांतून गेले की पायवाट झालीच. म्हणून कातळावर उभं राहून वाकायचं.

धुकं मिनिटाभरात उतरतं आणि दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. अशा वेळी वाट सोडून कडेला भटकू नका. मोबाईलला रेंज असेलच असं धरू नका. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोट घ्या. आणि तोल गेला म्हणून कारवीच्या झुडपाला हात घालू नका. हिरवा चापडा हा विषारी साप फांदीवर बसलेला असतो आणि पानांत मुळीच कळत नाही.

भिंगवाला:

८x४० दुर्बीण दोन्ही कामांना येईल. तळ्याच्या मधली फुलं सरळ बघा. बारीक फुलांसाठी तीच उलटी धरा: मोठी भिंगं डोळ्याकडे, आणि डोळ्याने बघायची बाजू फुलापासून दोन-तीन सेंटिमीटरवर. थोडं मागेपुढे केलं की स्पष्ट दिसतं. दवबिंदूच्या पानावरचा एकेक चिकट थेंब आणि त्यात पाय अडकलेलं चिलट असं दिसतं. गवती दवबिंदू उभा आणि अरुंद पानांचा असतो. दुसरा जमिनीला चिकटलेला, नाण्याएवढा लालसर पानांचा चकवा, तो हमखास पायाखाली जातो. आधी त्याला शोधा, मगच गुडघे टेका.

मोबाईल गाडीच्या एसीतून काढला की काचेवर बाफ धरते. १० मिनिटं आधी बाहेर ठेवा. पाण्यावरची चकाकी नको असेल तर गॉगल पोलराइज्ड असल्यास त्याची काच मोबाईलच्या भिंगापुढे धरून हळूहळू फिरवा, एका कोनात चकाकी जाते आणि पाण्याखालचं देठ दिसू लागतं. ड्रोन किंवा फ्लॅश नको.

रानवाट:

फार उपयोगी. म्हणजे सकाळी ५ ला निघून ९ पर्यंत वाटेला लागतो. शेवटची शंका जळवांची. तंबाखूची पुरचुंडी मोज्यात ठेवावी का?

पाणगेंद:

उघड्या सड्यावर जळवा कमी, झाडीतल्या ओल्या सावलीत जास्त. पॅन्ट मोज्यात खोचा, तेवढं बास. तंबाखू नकोच. पाय डबक्यात बुडाला की ती पाण्यात उतरते, आणि निकोटीन पाणकिड्यांना मारतं. ओंजळभर पाण्याच्या डबक्यात बेडकांची पिल्लं आणि चतुरांच्या अळ्या वाढत असतात. डास पळवणारं मलम लावलेले हातही तिथे धुऊ नका, प्यायच्या बाटलीतल्या पाण्याने कातळावर धुवा.

आणि बूट घरून निघतानाच घासून घ्या. दुसऱ्या तळ्याकाठचा चिखल वाळून तळव्यात बसलेला असतो, त्यातून तणाचं बी सड्यावर जातं.