मदत हवी आहे: 'आउटसोर्स्ड' ही अमेरिकन मालिका आणि मुंबईच्या कॉल सेंटरमधल्या आठवणी

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका महाविद्यालयात माध्यम अभ्यास शिकवते. पुढच्या सत्रात, एकाच हंगामात बंद पडलेल्या मालिकेवर दोन तासिका घ्यायच्या आहेत. त्यासाठी एनबीसी या अमेरिकन वाहिनीची 'आउटसोर्स्ड' निवडली आहे. कोणी ती पाहिली असेल, किंवा त्या काळात मुंबईत, ठाण्यात कॉल सेंटरला काम केलं असेल, तर तुमची मदत हवी आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २३ सप्टेंबर २०१० ला सुरू झाली, मे २०११ मध्ये संपली. एकूण भाग २२. कॅन्सस सिटीच्या 'मिड अमेरिका नॉव्हेल्टीज' या कंपनीत काम करणारा टॉड प्रशिक्षण संपवून ऑफिसात येतो, तर त्याचा अख्खा विभाग भारतात हलवलेला असतो. मग त्यालाच मुंबईच्या कॉल सेंटरचा मॅनेजर म्हणून पाठवतात. विकायचं काय, तर रबरी ओकारी आणि तसल्याच गमतीच्या वस्तू. बेन रॅपापोर्ट टॉड झाला होता. त्याच्या हाताखाली राजीव गिडवानी, गुप्ता, मनमीत, आशा आणि माधुरी.

मूळ कल्पना जॉन जेफकोटच्या २००६ मधल्या याच नावाच्या चित्रपटाची. त्यातलं कॉल सेंटर घारापुरी नावाच्या गावात आहे, आणि त्या गावाला जायला टॉड रेल्वे धरतो. आपली खरी घारापुरी बेटावर आहे हे इथं कोणाला सांगायला नको. पण तो चित्रपट आपल्याकडे येऊन चित्रित केलेला होता, त्यात आयेशा धारकर होती, अमरावतीत जन्मलेले आसिफ बसरा होते. मालिका मात्र लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उभी राहिली. ती रॉबर्ट बोर्डेन यांनी बेतली आणि पहिला भाग केन क्वापिस यांनी दिग्दर्शित केला. अमेरिकन 'द ऑफिस' या मालिकेचा पहिला भागही त्यांचाच.

माझा विषय खरा इथून सुरू होतो. तेव्हा दर गुरुवारी रात्री एनबीसीवर 'कम्युनिटी'त डॅनी पुडी होता, 'द ऑफिस'मध्ये मिंडी केलिंग होती, म्हणजे मालिकेगणिक एक भारतीय वंशाचा चेहरा. त्यांच्या पाठोपाठ साडेनऊला 'आउटसोर्स्ड' लागायची आणि तिच्यात एकदम पाच जण! रिझवान मांजी कॅनडात जन्मलेला, परवेश चीना आणि अनिशा नागराजन अमेरिकेतले, साशा धवन आणि रिबेका हेझलवुड ब्रिटनचे. मोठ्या अमेरिकन वाहिनीवर ऐन मोक्याच्या वेळी एवढे भारतीय चेहरे एकत्र तोवर दिसले नव्हते. या कलाकारांबद्दल मला मनापासून आदर आहे. राजीवला मॅनेजर व्हायचंय, त्याशिवाय त्याच्या प्रेयसीचे, विमीचे, वडील लग्नाला होकार देणार नाहीत. हा धागा रिझवान मांजीने इतका सच्चा केला आहे की पुढे पुढे टॉडपेक्षा त्याचीच काळजी वाटायला लागते.

पण सुरुवातीचे भाग पाहवत नाहीत. खिडकीबाहेर गाय, कँटीनमधलं जेवण खाऊन बिघडणारं पोट, कोणाचं नाव कसं ऐकू येतं यावरचे विनोद. अमेरिकेतल्या समीक्षकांनी तेव्हाच झोडपलं होतं आणि ते योग्यच होतं. शिवाय तेव्हा तिकडे बेकारी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. नोकरी भारतात गेली या गोष्टीवर लोकांनी दर आठवड्याला हसावं, ही अपेक्षाच अवघड होती. 'पार्क्स अँड रिक्रिएशन' लांबणीवर टाकून हिला जागा दिली म्हणून त्या मालिकेचे चाहतेही चिडले होते. जानेवारी २०११ मध्ये ती मालिका साडेनऊला आली, ही साडेदहाला ढकलली गेली, आणि मे महिन्यात गाशा गुंडाळला. मालिका सुधारत होती तेव्हाच बंद पडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता प्रश्न:

मुंबईत घडणाऱ्या या मालिकेच्या मुख्य पात्रांत मराठी नाव नाही. एखाद्या भागात मराठी पात्र, पाटी किंवा एखादं वाक्य कोणाला आठवतंय का?

विद्यार्थ्यांना दोनच भाग दाखवता येतील. कोणते दाखवू?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: खऱ्या कॉल सेंटरच्या फ्लोअरवर, म्हणजे कॉल घेतात त्या दालनात, काय चालायचं? माझी मुलं तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती, त्यांना ते जग ठाऊक नाही. मालिकेशेजारी ठेवायला मला तुमचे अनुभव हवे आहेत.

प्रतिसाद

ताई, मी मालाडला अमेरिकन प्रोसेसवर, म्हणजे अमेरिकन ग्राहकांचे कॉल घेणाऱ्या टीमवर होतो. मालिका मागाहून पाहिली, अर्ध्यात सोडली. मराठी पात्र पाहिल्याचं आठवत नाही. आमच्या टीममध्ये मात्र डोंबिवली, विरार, भांडुपची मराठी पोरं निम्म्याहून जास्त होती.

संध्याकाळी गाडी घ्यायला यायची, पहाटे सोडायची. आधी काही आठवडे उच्चारांचं ट्रेनिंग. कॉलवर मी केविन. कुठून बोलताय असं कस्टमरने विचारलं तर शहराचं नाव घ्यायचं नाही, अशी सक्त ताकीद. लक्ष्मीपूजनाच्या रात्री लॉगइन असायचं आणि थँक्सगिव्हिंगच्या अमेरिकन सुट्टीला फ्लोअर रिकामा. सुपरवायझर मध्येच कॉल ऐकायचे, एक वाक्य चुकलं की क्वालिटीचे मार्क कापले जायचे.

२६ जुलै २००५ ला आम्ही ऑफिसातच अडकलो. पुढची शिफ्ट येऊच शकली नाही, म्हणून आम्हीच कॉल घेत राहिलो. खाली गुडघ्याच्या वर पाणी, घरचे फोन लागत नव्हते. एका बाईंनी तुमच्याकडे हवा कशी आहे असं विचारलं. मी छान आहे म्हणालो, कारण दुसरं काही बोलायची परवानगीच नव्हती. हे तुमच्या मुलांना नक्की सांगा.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. हवेच्या प्रश्नाचा तुमचा किस्सा मी पहिल्या तासिकेलाच वाचून दाखवीन, तुमची हरकत नसेल तर. नाव अर्थातच देणार नाही.

तुमचं वाचून एक ठरलं. पहिला भाग दाखवायचा, त्यातल्या खटकणाऱ्या विनोदांसकट, आणि दुसरा म्हणून शेवटचा, राजीवच्या लग्नाचा. या दोन्हींत लिहिणाऱ्यांची नजर किती बदलली ते मुलांना आपोआप दिसेल. यापेक्षा चांगली जोडी कोणाला सुचत असेल तर जरूर सांगा.

अजून एक विनंती. उच्चारांच्या ट्रेनिंगमध्ये हातात छापील कागद द्यायचे का? अमेरिकन सण, राज्यांची नावं, फुटबॉलचे संघ असं काही? कोणाकडे तसे कागद जपून ठेवलेले असतील आणि कंपनीचं नाव झाकून फोटो पाठवता येत असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रात्रपाळीला जाणाऱ्या मुलींचे आणि त्यांच्या घरच्यांचे अनुभवही हवे आहेत. माधुरीचं पात्र घरचा भार उचलणारं आहे, आणि तिच्याबद्दल बोलताना मला खऱ्या माधुऱ्यांचं म्हणणं सोबत हवं आहे. सत्र जूनअखेर सुरू होतंय, तोवर आलेलं सगळं उपयोगी पडेल.